बरण्यांवरच्या चिठ्ठ्या: फार्माकॉग्नोसी विभागाचा इतिहास कपाटातून कसा काढावा

महाविद्यालयाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला की स्मरणिका निघते आणि प्रत्येक विभागाच्या वाट्याला चार पाने येतात. फार्माकॉग्नोसीच्या, म्हणजे वनस्पती वगैरेंपासून मिळणारी औषधी द्रव्ये ओळखण्याच्या शास्त्राच्या, चार पानांत बहुतेक वेळा विभागप्रमुखांची यादी, एक गटफोटो आणि औषधी उद्यानाच्या पाटीचे छायाचित्र एवढेच असते. विद्यार्थ्यांना नेमके काय दाखवले जायचे, कुड्याची साल गोव्यातल्या सत्तरीच्या रानातून आणली की मुंबईच्या व्यापाऱ्याकडून, अशोकाच्या बरणीत खरा अशोक आहे का, यातले काही त्या पानांत सापडत नाही. ते प्रयोगशाळेच्या मागच्या कपाटात, पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्यांवर असते. म्हणून इतिहास लिहायचा तर आधी कपाट उघडायचे आणि स्मरणिकेचे बघू नंतर.

गोव्यात हे काम जरा निराळे पडते. इथल्या जुन्या चिठ्ठीवर लॅटिन, पोर्तुगीज, इंग्रजी आणि कोकणी एकाच वेळी भेटू शकतात. शिवाय पावसाचे चार महिने हवाच कागदाच्या मुळावर उठलेली असते. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या दिवसांत ठेवा. जुलैत उघडलेली बरणी आठवड्याभरात बुरशी धरते, आणि दमट हवेत वनस्पतीपत्राचा (वाळवलेला नमुना चिकटवलेल्या पानाचा) कागद पापडासारखा मऊ होऊन हातात फाटतो.

हात लावण्याआधी

जुन्या फार्माकॉग्नोसी प्रयोगशाळेत चार गोष्टी खरोखर धोकादायक असतात, आणि उत्साहाच्या भरात नेमक्या त्यांच्याकडेच दुर्लक्ष होते.

पहिली म्हणजे पिक्रिक आम्ल. अल्कलॉइड (वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू द्रव्ये) ओळखायचे हेगरचे रिएजंट, म्हणजे तपासणीचे द्रावण, हे याच आम्लाचे संपृक्त द्रावण असते. बाटली वर्षानुवर्षे पडून राहिली की पाणी उडून जाते आणि पिवळे स्फटिक उरतात. कोरड्या पिक्रिक आम्लाचा घर्षणाने स्फोट होऊ शकतो. बुचाभोवती पिवळा थर दिसला तर बूच फिरवायचे नाही, बाटली हलवायची नाही. खोलीला कुलूप लावा, विभागप्रमुखांना कळवा आणि पुढचे काम अग्निशामक दलावर सोपवा.

दुसरी, वनस्पतीपत्रे. किडीपासून वाचवण्यासाठी जुन्या काळी नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात बुडवत. पारा पत्रावर तसाच राहतो. कागदावर करडे-काळपट डाग किंवा झाडाच्या आकाराची सावली उमटलेली दिसली तर ते पाऱ्याचे लक्षण समजा. डाग नसले तरी सगळी जुनी पत्रे विषारी धरूनच चला: नायट्राइलचे हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, टेबलावर चहा नको. झेरॉक्स यंत्राच्या उष्णतेखाली पत्र घालू नका, छायाचित्र घ्या.

तिसरी, फॉर्मॅलिनमधले ओले नमुने. झाकण उघडायचे कारणच नाही, काचेतून फोटो पुरतो. चौथी, अफू आणि गांजाच्या बरण्या. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर यांचा ताबा आणि नोंद हा कायदेशीर मामला आहे. अशी बरणी सापडली तर वजन करायला बसू नका, त्याच दिवशी लेखी कळवा.

जुने वैद्य चव घेऊन द्रव्य ओळखत. इथे ते पूर्ण बंद. काजऱ्याची बी, बचनागाचे मूळ आणि पारा लावलेले पान यांच्यात जिभेला फरक कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

रांग मोडू नका

पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणते, "आधी सगळं नीट लावूया." नीट लावायचे नाही. बरण्या ज्या क्रमाने उभ्या आहेत तो क्रम हाच पहिला पुरावा आहे.

कपाटाला क्रमांक द्या, कप्प्याला अक्षर द्या, आणि प्रत्येक कप्प्याचा समोरून एक फोटो घ्या, बरणी न हलवता. मग क्रम वाचा. पाने एकीकडे, साली एकीकडे, मुळे एकीकडे आणि डिंक, राळ, कोरफडीचा वाळलेला रस असली द्रव्ये शेवटी, अशी मांडणी असेल तर शिकवणे आकारविज्ञानावर आधारलेले होते. ग्लायकोसाइडवाली द्रव्ये एका फळीवर, अल्कलॉइडवाली दुसऱ्या, टॅनिनवाली तिसऱ्या, असे दिसले तर कपाट रासायनिक वर्गीकरणाच्या अभ्यासक्रमासाठी लावलेले आहे. नुसता वर्णानुक्रम दिसला तर तो बहुधा साहाय्यकाने सोयीसाठी लावलेला असतो, त्यातून फारसे काही निघत नाही. सर्वांत बोलकी असते ती अर्धवट मोडलेली रांग. तीन फळ्या अवयवांप्रमाणे आणि दोन रसायनांप्रमाणे असतील तर मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला आणि कोणालातरी कपाट पुन्हा लावायला वेळ मिळाला नाही. तो बदल कोणत्या साली झाला ते आता जुन्या प्रश्नपत्रिकांत शोधायचे.

नोंदवही

एक साधी सारणी पुरते: क्रमांक, कपाट आणि कप्पा, चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा, भाषा, आजचे मान्य नाव, अवयव, ठिकाण, गोळा करणारा किंवा विकणारा, तारीख, फोटो क्रमांक, शंका. यातला तिसरा रकाना पवित्र. चिठ्ठीवर चुकीचे स्पेलिंग असेल तर ते चुकीचेच उतरवा, खाडाखोड असेल तर तीही लिहा. 'सुधारलेला' मजकूर पाचव्या रकान्यात जातो. पोर्तुगीज शब्दांशी ओळख नसेल तर पाच-सहा शब्दांत काम भागते: 'राइझ' म्हणजे मूळ, 'कास्का' साल, 'फोल्या' पान, 'सेमेंत' बी, 'फ्लोर' फूल, 'पॉ' चूर्ण.

दोघांनी बसायचे, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने टिपायचे. दिवसाला तीस-चाळीस बरण्या धरून चला. त्याहून वेग वाढला तर शंकेचा रकाना रिकामा राहायला लागतो, आणि मग तपासणी पुन्हा करावी लागते.

चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली असेल तर वरची सोलू नका. विजेरी बाजूने, जवळजवळ आडवी धरून फोटो घ्या. खालच्या कागदाच्या कडा आणि दाबून लिहिलेली अक्षरे उठून दिसतात. पाण्याचा बोळा फिरवला की जुनी शाई पसरते आणि दोन्ही चिठ्ठ्या जातात.

तारीख नसलेल्या चिठ्ठीचा काळ

अर्ध्याअधिक चिठ्ठ्यांवर तारीख नसते. तरी काळ बांधता येतो, फक्त प्रत्येक खूण 'याच्या आधीची नाही' की 'याच्या नंतरची नाही' हे स्पष्ट लिहायचे.

पत्त्यापासून सुरुवात करा. 'नोव्हा गोवा' असे छापलेले असेल तर तो पोर्तुगीज अमलातला कागद. पणजीला हे नाव १८४३ मध्ये शहराचा दर्जा देताना मिळाले. 'गोवा, दमण आणि दीव' हे शीर्षक मुक्तीनंतरचे, आणि ३० मे १९८७ ला गोवा राज्य झाल्यावर ते मागे पडले. छापलेले कोरे कागद संपेपर्यंत वापरले जातात, म्हणून वर्ष-दोन वर्षे पुढे-मागे धरा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तेव्हा ४०३००१ असे छापलेली चिठ्ठी त्याआधीची असू शकत नाही. गोवा विद्यापीठाचे नाव असेल तर १९८५ नंतरची. त्याआधी इथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती.

पोर्तुगीज चिठ्ठीत स्पेलिंग बघा. पोर्तुगीज लेखनात १९११ मध्ये सुधारणा झाली आणि 'फार्मासिया'तला 'पी-एच' जाऊन 'एफ' आला. 'एफ' दिसला तर बहुधा १९११ नंतरची. उलटा निष्कर्ष मात्र काढू नका, जुन्या सवयीचा माणूस १९३० मध्येही 'पी-एच' लिहू शकतो. लॅटिन नावांना ही सुधारणा लागू नाही, तिथे 'पी-एच' कायमच असतो.

खरेदीच्या वहीत दर असतील तर नाणे बघा. पोर्तुगीज भारताचा रुपया सोळा टांगांचा होता, १९५८-५९ मध्ये त्याच्या जागी एस्कुदो आला आणि १९६१ नंतर भारतीय रुपया. भारतीय बाजारातले बिल आण्यांत असेल तर ते एप्रिल १९५७ च्या दशमान चलनाआधीचे असण्याची शक्यता जास्त, पण व्यापारी पुढेही काही वर्षे आण्यांतच बोलत असत. बॉलपेनची शाई १९५० च्या आधीची असणे जवळजवळ अशक्य. चिठ्ठीवर 'आय. पी.' असेल तर भारतीय फार्माकोपियाची पहिली आवृत्ती १९५५ ची, हे ध्यानात ठेवा.

वनस्पतीच्या नावावरूनही काळ निघतो, फक्त एका बाजूने. खऱ्या अशोकाला पुस्तके 'साराका इंडिका' म्हणत आली. 'साराका आसोका' हे आजचे नाव १९६० च्या दशकाच्या अखेरीस रूढ व्हायला लागले. 'आसोका' लिहिलेली चिठ्ठी त्याआधीची नाही. 'इंडिका' लिहिलेली मात्र कालचीही असू शकते.

आणखी एक कसोटी रानाकडून मिळते. सातवीण ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलते, सुरंगी फेब्रुवारी ते एप्रिल. सातविणीच्या फुलांसकटच्या पत्रावर मे महिन्याची तारीख असेल तर तारीख नंतर आठवून लिहिलेली आहे किंवा पत्र दुसऱ्याच झाडाचे आहे. अशा पत्रावर 'संशयास्पद' लिहून पुढे जा, तिथेच दोन दिवस अडकू नका.

बरणीत खरोखर काय आहे

चिठ्ठी एक सांगते आणि बरणीत दुसरेच असते, हा या शाखेतला जुना रोग. इतिहासासाठी तोच सर्वांत मौल्यवान असतो, म्हणून ठरावीक सात-आठ द्रव्ये तरी तपासा.

नागकेशराची बरणी डोळ्यांनीच उलगडते. खरे नागकेशर म्हणजे मेसुआ फेरियाचे पुंकेसर. गोवा-कोकणात मात्र सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या तांबडे नागकेशर म्हणून विकल्या जातात: मिरीएवढ्या, गोल, तांबूस-तपकिरी, देठासकट. बरणीत त्या निघाल्या तर 'चूक' म्हणून फेकू नका. विभागाने माल स्थानिक बाजारातून घेतला याचा तो पुरावा आहे. सुरंगीचे नाव जुन्या चिठ्ठीवर 'ओक्रोकार्पस लाँगिफोलियस' असेल, आज ते 'मॅमिया सुरिगा'.

कुड्यात पांढरा आणि काळा असा घोळ होतो. पांढरा कुडा म्हणजे होलाऱ्हेना, काळा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. बियांवरून ठरवायचे तर एक कडू इंद्रजव आणि दुसरा गोड, पण चव बंद असल्याने ती वाट इथे नाही. पत्रावर शेंगा असतील तर बघा: राइटियाच्या जोडशेंगा कोवळ्या असताना टोकाला चिकटलेल्या असतात, होलाऱ्हेनाच्या सुट्या. चिठ्ठीवर 'होलाऱ्हेना अँटीडिसेंटेरिका' असेल तर आजचे नाव 'होलाऱ्हेना प्युबेसेन्स', झाड तेच.

अशोकाला मात्र सूक्ष्मदर्शक लागतो. रस्त्याकडेला सरळसोट वाढणारा आसुपालव, म्हणजे पॉलिअल्थिया (नव्या पुस्तकांत मोनून), याची साल अशोक म्हणून सर्रास येते. बरणीत वीस ग्रॅमहून कमी माल असेल तर हात लावू नका. पुरेसा असेल तर सालीचा एक सेंटिमीटरचा तुकडा घ्या. जुनी साल काचेसारखी तडकते, म्हणून पाणी, ग्लिसरीन आणि अल्कोहोल समभाग घेऊन त्यात चोवीस तास भिजवा. नव्या ब्लेडने आडवा छेद घ्या. त्यावर फ्लोरोग्लुसिनॉलच्या एक टक्का अल्कोहोली द्रावणाचे दोन थेंब टाका, दोन-तीन मिनिटे थांबा, मग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य) असलेल्या पेशींच्या भिंती लाल होतात. खऱ्या अशोकाच्या सालीत बाहेरच्या भागात स्टोन सेलचे (जाड भिंतीच्या कठीण पेशींचे) एक-दोन सलग थर लाल पट्ट्यासारखे उमटतात, आणि मधल्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे प्रिझमसारखे स्फटिक असतात. पॉलिअल्थियात आतल्या भागात तंतूंचे आडवे पट्टे एकावर एक रचलेले दिसतात आणि त्यांच्यामधले किरण (आतून बाहेर जाणाऱ्या पेशींच्या ओळी) बाहेरच्या बाजूला नरसाळ्यासारखे रुंदावत जातात.

इथे दोन चुका नेहमीच्या. छेद जाड झाला की सगळेच लाल दिसते. मग नवा छेद घ्यावा, रंगाला दोष देऊ नये. आणि कव्हर स्लिप न ठेवता पाहिले की आम्लाची वाफ भिंगाला लागते. भिंग गंजले की त्याची भरपाई कोणत्याच स्मरणिकेच्या खर्चात बसत नाही.

कपाटाबाहेरचे कागद

सरकारी राजपत्रे, नेमणुका आणि परीक्षांचे निकाल यांसाठी पणजीतले राज्य पुराभिलेखागार आणि पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय गाठा. प्रवेशाच्या जाहिराती आणि समारंभांच्या बातम्या जुन्या पोर्तुगीज दैनिकांत, आणि १९६२ नंतर 'गोमन्तक'मध्ये मिळतात. १९८५ पूर्वीच्या प्रश्नपत्रिका आणि संलग्नतेचे कागद मुंबई विद्यापीठाकडे शोधा. विभागाने पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम मंडळाकडे किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमकडे ओळख पटवण्यासाठी वनस्पतीपत्रे पाठवली असतील, तर तिथला पोचक्रमांक तुमच्या पत्रावर असायला हवा. तो सापडला तर ते पत्र संग्रहातले सर्वांत भक्कम कागद समजा.

एक मोह टाळा. विभागाचा इतिहास गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यापासून सुरू करू नका. तो १५३४ मध्ये गोव्यात आला, भारतातल्या औषधी द्रव्यांवरचे त्याचे संवाद १५६३ मध्ये इथेच छापले गेले, १५६८ मध्ये तो वारला आणि १५८० मध्ये धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. एवढे सगळे खरे आहे, पण तो शहराचा इतिहास झाला. १८४२ ची एस्कोला मेडिका (पोर्तुगीज काळातले वैद्यकीय विद्यालय) तुमच्या विभागाला जोडायची तर मधले कागद दाखवा, नाहीतर एका वाक्यावर थांबा. आणि भिरंडाच्या (कोकमाच्या) बरणीवरचे 'गार्सिनिया' हे नाव ओर्तावरून पडले असे अनेक भाषणांत ऐकू येते. ते लोराँ गार्सँ या अठराव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून आहे.

माणसे

निवृत्त प्राध्यापकांना सगळे विचारतात. प्रयोगशाळा साहाय्यक आणि उद्यानातला माळी यांना कोणी विचारत नाही, आणि रानातून माल बहुधा त्यांनीच आणलेला असतो. "विभागाबद्दल काहीतरी सांगा" म्हणू नका, उत्तर भाषणाच्या सुरात येते. बरणीचा मोठा छापलेला फोटो समोर ठेवा आणि एकच गोष्ट विचारा: "बाबा, ही साल खंयच्यान हाडली?" (कुठून आणली?) कोकणीत विचारलेत तर ठिकाण वाड्यापर्यंत कळते. मोलेच्या बाजूला, अमक्या ओहोळाच्या अलीकडे, असे. ध्वनिमुद्रणाला परवानगी आधी घ्या आणि बोलणाऱ्याने नाव छापू नका म्हटले तर छापू नका.

त्या ठिकाणाहून आज नवा नमुना आणायचा मोह होईल. अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडता येत नाही, आणि १९७२ चा वन्यजीव कायदा शैक्षणिक हेतू आहे म्हणून सूट देत नाही.

लिहिताना

सारणी पुरी झाली की तिची गणिते मांडा: किती नमुने रानातून आले आणि किती विकत घेतले, कोणत्या दशकात भर पडली, कोणत्या काळात एकही चिठ्ठी नाही. गोळा केलेले नमुने जास्त असतील तर विभागात हिंडणारी माणसे होती, विकतचे जास्त असतील तर अभ्यासक्रमाची यादी पुरी करायची घाई होती. मोकळे गेलेले दशक लपवू नका. त्या वर्षांत पद रिकामे होते का, हे राजपत्रात सापडते. मजकुरात प्रत्येक विधानामागे बरणीचा किंवा पत्राचा क्रमांक द्या. वाचताना ते रुक्ष वाटते, पण दहा वर्षांनी तपासणाऱ्याला तेवढेच लागते.

बंद करताना

कीड लागलेले कोरडे नमुने जाड प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून उणे वीस अंशावर सात दिवस ठेवा. घरगुती फ्रीझर उणे अठराच्या आसपास असतो, तिथे पंधरा दिवस द्या. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर गोव्याच्या हवेतले पाणी थंड नमुन्यावर धरते आणि किडीऐवजी बुरशी येते. डांबरगोळ्यांनी अंडी मरत नाहीत, नुसता वास येतो.

नवे नाव लिहायचे तर जुन्या चिठ्ठीवर चिकटवू नका. पत्रावर वेगळी निश्चिती-चिठ्ठी जुन्या चिठ्ठीच्या वर लावा: नाव, ओळखणाऱ्याचे नाव, तारीख. बरणीच्या गळ्याला सुती दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधा आणि पेन्सिलने लिहा, पेन्सिल ओलाव्यात पसरत नाही. नोंदवहीची एक छापील प्रत कपाटात, एक ग्रंथालयात. सिलिका जेलच्या पिशव्या निळ्या आहेत का ते मे महिन्यात बघा, गुलाबी झाल्या असतील तर ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून परत ठेवा, आणि जूनचा पहिला पाऊस लागायच्या आत कपाटाच्या दारांच्या फटींना पट्टी मारून घ्या.